दोन भोकं, इंचभर खाली

गॅरेजात मिस्त्री पुढचं टायर काढतो, अंगठा त्याच्या कडेवरून फिरवतो आणि म्हणतो, "बाहेरनं खाल्लंय." आतली नक्षी कोरी असते आणि बाहेरची कड गुळगुळीत. एका बाजूने झिजलेल्या चपलेवरून माणूस पाय कसा टाकतो ते कळतं, तसंच हे. टायर कुठे खाल्लं जातं यावरून वळणावर चाक रस्त्यावर कसं उभं राहत होतं ते कळतं. ते कसं उभं राहावं हे ठरवायचं काम पुढच्या सस्पेन्शनचं, म्हणजे चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणाऱ्या दांड्या-स्प्रिंगांचं.

या कामात कच्ची असलेली एक देखणी गाडी म्हणजे १९६५चं मॉडेल म्हणून विकली गेलेली पहिली फोर्ड मस्टँग. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये ती लोकांसमोर आली आणि अमेरिकेतल्या तरुणांनी शोरूमसमोर रांगा लावल्या. लांब नाक, आखूड शेपूट आणि हवं असेल तर ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन. तिला मसल कार म्हणावं की पोनी कार, यावर तिकडचे म्हातारे अजून हमरीतुमरीवर येतात. आपण त्या भांडणात पडायला नको. आपल्याला बघायचंय ते तिच्या पोटाखाली. तिथे बरंचसं सामान फाल्कन या फोर्डच्याच स्वस्त, सरळमार्गी कौटुंबिक गाडीचं होतं. रविवारी चर्चला जाणाऱ्या गाडीचे पाय आणि वर पैलवानाची छाती, असा तो मामला.

पुढच्या प्रत्येक चाकामागे दोन आर्म असतात. वरचा इंग्रजी ए अक्षरासारखा, आखूड. खालचा लांब, आणि तो मागेपुढे हलू नये म्हणून एक तिरका दांडा त्याला पुढच्या बाजूने धरून ठेवतो. दोन्ही आर्मची आतली टोकं गाडीच्या सांगाड्याला बिजागरीसारखी बसवलेली. बाहेरच्या टोकांना बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे फिरणारे गोल सांधे, आणि त्या दोन बॉल जॉइंटच्या मध्ये चाकाचा स्टब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो उभा तुकडा. अशा दोन आर्मच्या बहुतेक गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. मस्टँगमध्ये ती वरच्या आर्मवर उभी आहे. तिचं वरचं टोक इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पत्र्याच्या बुरुजात शिरतं. बॉनेट उघडलं की हे दोन बुरूज आधी नजरेत भरतात.

आता घड्याळाकडे बघा. काटा ४ वर आहे आणि आपण तो उलटा फिरवून ३ वर आणतोय. काट्याचं टोक वर चढतं आणि त्याचबरोबर बाहेर, उजवीकडे सरकतं. तसंच पुढे ३ वरून २ वर नेलं तर टोक वर चढतं, पण आता आत येतं. वरचा आर्म म्हणजे हा काटा. मस्टँग स्थिर उभी असताना हा काटा तीनच्या किंचित खाली असतो, म्हणजे आर्मचं आतलं टोक उंच आणि बाहेरचं सखल. गाडी डावीकडे वळली की तिचं अंग उजवीकडे झुकतं, उजवं चाक अंगाच्या मानाने वर दबतं, आर्म वर चढतो आणि चाकाचा माथा बाहेर ढकलतो. आधीच गाडी त्या बाजूला कललेली, त्यात चाकही तिकडेच कलतं. टायर बाहेरच्या कडेवर उभं राहतं. जमिनीला टेकणारा, जेमतेम तळहाताएवढा तुकडा नेमका गरजेच्या वेळी आणखी लहान होतो.

चाकाच्या या उभ्या कलाला कॅम्बर म्हणतात. माथा बाहेर गेला तर धन, आत आला तर ऋण. वळणावरच्या बाहेरच्या चाकाला थोडा ऋण कॅम्बर मिळायला हवा, म्हणजे अंग झुकलं तरी टायर सपाट राहील.

हे कागदावर पटत नसेल तर पुठ्ठ्यावर करून बघा. मी जेवणाच्या टेबलावर केलं, घरच्यांची बोलणी खाऊन. पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापा. टाचणीपासून टाचणीपर्यंत एक १६ सेंटिमीटरची (खालचा आर्म), दोन १० सेंटिमीटरच्या (वरचा आर्म आणि स्टब). एका मोठ्या पुठ्ठ्यावर खालच्या आर्मची टाचणी टोचा. तिच्यापासून ६.१ सेंटिमीटर उजवीकडे आणि ११.५ सेंटिमीटर वर दुसरी टाचणी, वरच्या आर्मसाठी. खालची पट्टी आडवी धरली की स्टबची पट्टी सरळ उभी राहते. आता स्टबचं खालचं टोक अडीच सेंटिमीटर वर उचला. माथा बाहेर झुकतो, साधारण दीड अंश. मग वरची टाचणी काढून अडीच सेंटिमीटर खाली, म्हणजे ९ सेंटिमीटरवर टोचा आणि तेच पुन्हा करा. या वेळी माथा आत येतो, जवळपास दोन अंश. मापं मस्टँगची नाहीत, मुद्दाम भडक केलेली आहेत. पण पट्ट्या त्याच, एक टाचणी सरकवली आणि चाकाचा स्वभाव उलटा झाला.

फोर्डमधल्या क्लाउस आर्निंग या सस्पेन्शन अभियंत्याने हेच ओळखलं होतं. गाड्यांच्या भूमितीची गणितं संगणकावर करून बघणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत तो होता. कॅरल शेल्बी या शर्यतवीराने १९६५मध्ये मस्टँगवरून जीटी३५० ही शर्यतीच्या अंगाची गाडी काढली, तेव्हा ती युक्ती प्रत्यक्षात आली. फोर्डच्या सॅन होजेच्या कारखान्यातून तयार गाड्या लॉस एंजेलिसला यायच्या. तिथे शेल्बीची माणसं बुरुजांत नवी भोकं पाडून वरचा आर्म एक इंच खाली घ्यायची. दोन बोल्टांवर बसलेला आर्म, म्हणजे एका बाजूला दोन भोकं. आज जगभर याला 'शेल्बी ड्रॉप' म्हणतात. काही जाणकार 'आर्निंग ड्रॉप' म्हणतात, पण गाडीवर ज्याचं नाव, त्याचाच बोलबाला.

आर्म खाली आला की आणखी एक गोष्ट बदलते. वळणावर गाडीचं अंग ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकतं, तो बिंदू वर सरकतो आणि गाडीच्या वजनाच्या केंद्राच्या जवळ येतो. दोघांतलं अंतर कमी, म्हणजे झुकवणारी तरफ आखूड. स्प्रिंगला हात न लावता गाडी कमी झुकते. शिवाय नाक थोडं खाली बसतं, कारण स्प्रिंग आर्मच्या मध्यावर टेकलेली आहे. आतलं टोक खाली नेलं की सी-सॉसारखं बाहेरचं टोक, चाकासकट, वर जातं. स्टिअरिंगच्या टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणारे दांडे, खालच्या आर्मच्या बाजूच्या असल्याने त्यांना याचा फारसा त्रास होत नाही. वरचंच टोक हलवण्यातली ही खुबी आहे.

बहुतेक हौशी लोक मात्र आधी स्प्रिंगच्या मागे लागतात. स्प्रिंग मध्यावर असल्याने चाक दोन इंच वर आलं तर ती एकच इंच दबते, आणि तिच्या जोरापैकी निम्माच चाकापर्यंत पोचतो. निम्म्याचं निम्मं. स्प्रिंगचा कडकपणा चाकाशी जेमतेम पाव उरतो. म्हणून या गाडीला मुळातच दणकट स्प्रिंग लागते. चाकावर साधारण साडेतीनशे किलो भार असेल, तर स्प्रिंगवर सातशेच्या आसपास. ती काढताना तिला दाबून धरणारा कॉम्प्रेसर सटकला तर काय होईल हे सांगायला नको. हे काम ज्याने आधी केलंय त्याच्या शेजारी उभं राहूनच करावं.

स्प्रिंग कडक करायची तर तारेची जाडी चतुर्थ घाताने काम करते. तार फक्त दहा टक्के जाड केली की स्प्रिंग सुमारे ४६ टक्क्यांनी कडक होते. अँटी-रोल बारचंही तेच. पुढच्या दोन चाकांना जोडणारा हा दांडा एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की पिळला जातो. पाऊण इंचाच्या जागी एक इंचाचा बसवला तर तो तिपटीहून जास्त कडक होतो. शेल्बीने एक इंचाचाच बसवला होता. पुस्तकी नियम सांगतो की पुढचा बार जाड केला की पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि गाडी वळणाबाहेर जाऊ बघते. जुन्या मस्टँगमध्ये बऱ्याचदा उलटं घडतं. अंग कमी झुकतं, त्यामुळे टायर कडेवर जात नाही, आणि तिथे वाचलेली पकड गमावलेल्या पकडीहून जास्त भरते. पण हा झाला दुखण्यावर घट्ट पट्टा बांधल्यासारखा इलाज. हाड बसवायचं काम त्या दोन भोकांचं.

बुशचं, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या रबरी गाद्यांचं, प्रकरण जरा मजेशीर आहे. जुनं रबर फुगून, चिरून गेलेलं असतं, म्हणून लोक त्या जागी कडक पॉलियुरेथेन घालतात. बहुतेक ठिकाणी ते चालतंही. खालच्या आर्मच्या त्या तिरक्या दांड्याला मात्र पुढच्या टोकाशी थोडं डोलावंच लागतं, कारण आर्म वर-खाली होतो. रबर त्याला डोलू देतं. कडक बुश देत नाही, मग दांडा स्वतःच वाकत राहतो, आणि पोलाद वारंवार वाकलं की एके दिवशी मोडतं. ब्रेक दाबताना सगळा जोर याच दांड्यावर येतो. तिथे रबर ठेवावं किंवा गोलाकार जॉइंट असलेला दांडा घ्यावा. स्प्रिंगच्या बुडाशी बेअरिंगवर फिरणारी बैठक बसवली की मात्र गाडी लगेच मऊ वाटू लागते. मूळ रबरी बैठक पिळल्याशिवाय फिरतच नव्हती, आणि तिच्या कुरकुरीने मालकाचं डोकं उठायचं.

सगळं झाल्यावर अलाइनमेंट. इथे जुनं मॅन्युअल बाजूला ठेवायचं. त्यातले आकडे आडव्या-तिडव्या दोऱ्यांच्या बायस-प्लाय टायरसाठी होते. रेडियल टायरची बाजू लवचीक आणि तळ ताठ असतो, त्याला अर्धा ते एक अंश ऋण कॅम्बर मानवतो. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल, तेव्हा जवळजवळ शून्य ठेवायचे, कारण पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीचं चाक पार्किंगमध्ये हलकं फिरायला हवं होतं. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, हात सोडले तरी ती सरळ जाते त्याला याचीही मदत होते. तोच गुण हवा तर गाडीला तीन अंशांच्या आसपास कॅस्टर द्यावा. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची पुढची टोकं किंचित आत वळलेली असणं, तीनेक मिलिमीटर. या वयाच्या गाडीत कॅम्बर आर्मच्या दांड्यामागे पत्र्याच्या चकत्या घालून लावतात. तिथे संगणकवाल्या मशीनपेक्षा धीराचा मिस्त्री उपयोगी पडतो.

ज्यांना हे सगळं कटकटीचं वाटतं, ते बुरूजच कापून टाकतात आणि मस्टँग २ पद्धतीचं अख्खं तयार सस्पेन्शन बसवतात. मस्टँग २ ही १९७४ची, इंधनटंचाईच्या दिवसांतली बारकी गाडी. खुद्द मस्टँगप्रेमी तिला नाकं मुरडतात, पण तिचं रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग आणि आटोपशीर पुढचा भाग हॉट-रॉडवाल्यांना, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलणाऱ्या हौशी लोकांना, इतका आवडला की आज त्याच मांडणीचे संच सर्रास विकले जातात. इंजिनाला मोकळी जागा मिळते, हे खरं. पण मूळ गाडीत चाकाचा भार बुरुजाच्या माथ्यावरून अंगात उतरायचा. आता तो सांगाड्याच्या खालच्या पट्ट्यांवर येतो, आणि त्या पट्ट्या या कामासाठी बेतलेल्या नव्हत्या. नीट मजबुती न करता केलेलं हे काम मला आवडत नाही. ज्या गाडीचा दोष एका इंचाचा होता, तिचे पाय कशाला तोडायचे?

शेल्बीनेही ते इंचभर फार काळ पाळलं नाही. १९६६च्या सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर पुढे खर्च वाचवायला आर्म मूळ जागीच राहू लागला, आणि त्याच वर्षी हर्ट्झ कंपनीने हीच गाडी भाड्याने द्यायला घेतली. त्या आधीच्या अस्सल जीटी३५०च्या बुरुजात टॉर्च मारला तर बोल्टांच्या वर इंचभर अंतरावर सॅन होजेची मूळ दोन भोकं रिकामी दिसतात. घरच्या गॅरेजात कुणी परवा ड्रिल मारलेल्या मस्टँगमध्येही ती तशीच दिसतात.