इनडोअर अमेरिकन फुटबॉलपटूची कारकीर्द

इनडोअर अमेरिकन फुटबॉल हा आइस हॉकी किंवा बास्केटबॉलसाठी बांधलेल्या बंदिस्त क्रीडागृहात, आठ-आठ खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉलचा प्रकार आहे. हा खेळ पोटापाण्यासाठी खेळणाऱ्याला बहुधा वर्षाचा पगार नसतो, सामन्यागणिक मानधन मिळते. ही एक बाब ध्यानात ठेवली की त्याची निवड, राहणी, दुखापत आणि निवृत्ती यांतला परस्परसंबंध आपोआप उलगडतो.

खेळाची कल्पना जिम फॉस्टर यांची. 11 फेब्रुवारी 1981 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना पाहताना त्यांनी एका लिफाफ्यावर मैदानाचा कच्चा आराखडा काढला. 1986 मध्ये इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे चाचणी सामना झाला आणि 1987 मध्ये शिकागो, डेन्व्हर, पिट्सबर्ग व वॉशिंग्टन या चार संघांनिशी अरीना फुटबॉल लीग सुरू झाली. 1990 मध्ये फॉस्टर यांना या खेळाचे पेटंट मिळाले. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या जाळ्या पेटंटमध्ये येत असल्याने नंतर निघालेल्या स्पर्धक लीगना जाळ्यांशिवाय खेळावे लागले. पेटंट संपून बरीच वर्षे झाली, तरी इनडोअर फुटबॉल लीग या दुसऱ्या लीगचे सामने आजही जाळीविनाच होतात. एका लीगमधून दुसरीकडे जाणाऱ्या खेळाडूला म्हणूनच काही सवयी मोडाव्या लागतात.

मैदान 50 यार्ड लांब आणि 85 फूट रुंद असते, दोन्ही टोकांचे एंड झोन, म्हणजे चेंडू नेऊन गुण मिळवायचे पट्टे, साधारण 8 यार्डांचे. मोकळ्या मैदानावरचा नेहमीचा खेळ 100 यार्ड लांब आणि 160 फूट रुंद जागेत होतो. म्हणजे लांबीही निम्मी आणि रुंदीही जवळपास निम्मी. मूळ अरीना नियमांत गोलखांबांमधले अंतर 9 फूट आणि आडवा दांडा 15 फुटांवर. दोन्ही बाजूंच्या जाळ्या 30 फूट रुंद, 32 फूट उंच आणि जमिनीपासून 8 फुटांवर सुरू होणाऱ्या. जाळीवर आदळून परत आलेला चेंडू खेळात जिवंत राहतो. पंटला, म्हणजे चेंडू लाथेने लांब धाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करण्याला, परवानगीच नाही. चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नातही गोल मारा, नाहीतर पुढे सरका.

खेळाडूच्या दृष्टीने खरा फरक दोन ठिकाणी पडतो. पहिला फरक वेळेचा. क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्याला, तीन पावले मागे येऊन लगेच चेंडू सोडावा लागतो. कोण मोकळा होतो ते पाहत बसण्याइतकी सवड नसते. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, वळण्याआधीच त्या जागी चेंडू निघालेला असावा लागतो. दुसरा फरक रिसीव्हरच्या धावेचा. येथे एका रिसीव्हरला, काही लीगमध्ये दोघांना, डाव सुरू करायला चेंडू क्वार्टरबॅककडे मागे दिला जाण्याआधीच पुढच्या दिशेने धावत सुटण्याची मुभा आहे. डाव सुरू व्हायच्या क्षणी तो पूर्ण वेगात आणि चेंडू ठेवलेल्या रेषेच्या नेमका अलीकडे हवा. पाऊलभर आधी रेषा ओलांडली तर पाच यार्डांचा दंड, पाऊलभर उशीर झाला तर मिळालेला वेग वाया. कबड्डीत चढाईपटू ज्या अंदाजाने बोनस रेषेशी पाय टाकतो तसलाच हा अंदाज. तो पाठांतराने येत नाही, एकाच क्वार्टरबॅकबरोबर शेकडो वेळा धावून अंगात मुरतो. उलट बाजूच्या बचावपटूला समोरून पूर्ण वेगात येणारा माणूस उभ्या पावलावर झेलायचा असतो. तो मागे सरकत राहिला तर अडकतो आणि लवकर वळला तर फसतो. म्हणून या खेळातला चांगला कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, मिळणे फार कठीण, आणि मिळाला तर त्याला काम कमी पडत नाही.

2007 पर्यंत अरीना लीगमध्ये मोजके अपवाद सोडता प्रत्येकाला आक्रमण आणि बचाव दोन्ही खेळावे लागत. त्या नियमाला आयर्नमॅन म्हणत. तो रद्द झाल्यावर खेळाचा वेग वाढला, पण दोन्ही बाजू जाणणारा खेळाडू संघाला स्वस्तात पडतो. एका संघात जेमतेम 20 ते 25 जण असल्याने अशा माणसाला अजूनही आधी उचलतात.

संघात शिरायचा नेहमीचा रस्ता म्हणजे खुली निवड चाचणी. तिचे शुल्क खेळाडूच भरतो, जाण्यायेण्याचा खर्चही त्याचाच. 40 यार्डांची धाव घेतली जाते खरी, पण जाणता प्रशिक्षक 5-10-5 शटलकडे जास्त लक्ष देतो: एका बाजूला 5 यार्ड, उलट दिशेला 10, पुन्हा 5. 50 यार्डांच्या मैदानात सरळ वेगापेक्षा थांबून फिरण्याला मोल आहे. मग समोरासमोरच्या झुंजी होतात आणि तिथेच निकाल लागतो. महाविद्यालयीन सामन्यांचे चित्रण सोबत असणे चाचणीइतकेच महत्त्वाचे; त्यात पहिल्या दोन मिनिटांत सर्वांत चांगले डाव यायला हवेत, कारण पुढचे कोणी पाहत नाही.

नवख्यांचे पहिले नुकसान बुटांमुळे होते. क्रीडागृहातले गवत म्हणजे काँक्रीटवर किंवा झाकलेल्या बर्फावर अंथरलेल्या कृत्रिम गवताच्या गुंडाळ्या. बाहेरच्या मैदानाचे लांब खिळ्यांचे बूट त्यात रुततात, पाऊल जागीच राहते, अंग वळते आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो. बारीक रबरी दाण्यांचे टर्फ बूटच घालावेत. गुंडाळ्यांचे जोड बहुधा वेल्क्रोने चिकटवलेले असतात. एखादा जोड उचकटला की पायाचा अंगठा अडकून मागे दुमडतो. अनुभवी खेळाडू सरावाआधी जोडांवरून एकदा पाय फिरवून येतात. गवतावर घसरल्यास कातडी भाजल्यासारखी सोलवटते. जखम लगेच धुऊन झाकली नाही तर त्यात जंतुसंसर्ग होतो, आणि तो एका लॉकर रूममध्ये पटापट पसरतो.

त्यानंतर भिंत. मैदानाच्या कडेला बाहेरची रेषा नसते. हॉकीच्या फळ्यांवर जाड फोम बसवलेली सुमारे 4 फूट उंच भिंत असते आणि तिच्या पलीकडे पहिल्या रांगेतला प्रेक्षक. नवखा खेळाडू भिंत जवळ आली की हात पुढे करतो. तीच चूक मनगट मोडायला पुरते. शिकवण अशी आहे: झेल घेण्याआधी एकदा भिंतीकडे नजर टाकून अंतर मनात ठेवायचे, टक्कर अटळ दिसली की हात आत घ्यायचे, चेंडू दोन्ही हातांनी छातीशी आवळायचा आणि कंबर व खांद्याच्या मागच्या भागाने भिंत अंगावर घ्यायची. खांद्याच्या टोकावर आपटले तर खांद्याचा सांधा सरकतो. ही दुखापत सहज कित्येक आठवडे खाते. डोके खाली गेले तर मेंदूला हिसका बसतो, आणि अशा वेळी ‘बरा आहे’ म्हणून परत मैदानात उतरण्याचा मोह जीवघेणा ठरू शकतो. सामना खेळला नाही तर त्या सामन्याचे मानधन बुडू शकते, म्हणून हा मोह होतोच. करारावर सही करण्यापूर्वी कामगार नुकसानभरपाईचा विमा कोण भरतो आणि दुखापतीच्या काळात मानधन चालू राहते का, या दोन गोष्टी लेखी विचाराव्यात.

मानधनाचा अंदाज यावा म्हणून एक आकडा: 2009 चा हंगाम रद्द झाल्यावर 2010 मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या अरीना लीगमध्ये मूळ दर सामन्याला 400 डॉलर होता. 16 सामने धरले तर हंगामाचे 6,400 डॉलर. राहण्याची सोय सहसा संघ करतो, एका सदनिकेत तीन-चार जण. जेवण स्थानिक उपाहारगृहांच्या प्रायोजकत्वातून येते. हंगाम वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत. बाकीच्या महिन्यांत खेळाडू शाळेत शिकवतात, व्यायामशाळेत काम करतात, माल चढवतात-उतरवतात. मार्च 2012 मध्ये हंगामाच्या उद्घाटनाच्याच दिवशी मानधनाचा वाद पेटला, काहींना सामन्याच्या काही तास आधी काढण्यात आले आणि बदली खेळाडू उतरवले गेले.

एवढे सोसून माणसे टिकतात, कारण वरचे दार, म्हणजे मोकळ्या मैदानावरच्या सर्वांत मोठ्या एनएफएल लीगचे दार, अधूनमधून उघडते. कर्ट वॉर्नर यांना 1994 मध्ये एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्सने सराव शिबिरातून घरी पाठवले. त्यांनी आयोवामधील किराणा दुकानात ताशी 5.50 डॉलरवर रात्रपाळीत माल लावला आणि 1995 ते 1997 आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना लीग खेळले. 1999 च्या हंगामात ते एनएफएलचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. 30 जानेवारी 2000 रोजी सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, त्यांनी 414 यार्डांचे पास दिले आणि सेंट लुईस रॅम्सला जिंकून दिले. झटपट चेंडू सोडण्याची त्यांची सवय छोट्या मैदानाची देणगी होती, असे मानले जाते. पुढे ते भारतातल्या एलिट फुटबॉल लीगच्या पाठीराख्यांपैकी एक झाले. ती लीग मोकळ्या मैदानावरची होती आणि तिच्यात पुणे मराठाज नावाचा संघ होता. अल्बनी फायरबर्ड्सचे डेव्हिड पॅटन न्यू इंग्लंडबरोबर तीन सुपर बोल जिंकले. सू सिटी बँडिट्सचे फ्रेड जॅक्सन बफेलो बिल्सचे प्रमुख धावपटू झाले. खेळाडू म्हणून वरचे दार न उघडताही मोठी कारकीर्द होते: जे ग्रुडन टाम्पा बे स्टॉर्मकडून चार वेळा अरीना बोल, म्हणजे अरीना लीगचा अंतिम सामना, जिंकले, प्रशिक्षक झाले आणि 2014 मध्ये वॉशिंग्टनच्या एनएफएल संघाची धुरा त्यांच्याकडे आली.

संघच बंद पडणे ही या व्यवसायातली नेहमीची जोखीम. मूळ लीग 2019 मध्ये बंद झाली. 2024 मध्ये त्याच नावाने 16 संघांनिशी नवी लीग उभी राहिली आणि काही आठवड्यांतच तिचे बरेच संघ बुडाले. अशा वेळी खेळाडूने त्याच दिवशी तीन कामे उरकावीत. संघाकडून मुक्ततेचा कागद घ्यावा, कारण त्याशिवाय दुसरी लीग सही करून घेत नाही. आपल्या सर्व सामन्यांचे चित्रण उतरवून घ्यावे, संघाचे खाते बंद झाले की ते मिळत नाही. आणि दुखत असलेल्या प्रत्येक अवयवाची तपासणी संघाच्या डॉक्टरकडून लेखी करून घ्यावी. नंतर तो गुडघा कोणत्या सामन्यात दुखावला हे सिद्ध करणे फार अवघड जाते.