गेटिसबर्गची सैनिक दफनभूमी: ‘अननोन’ म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेतल्या या दफनभूमीत मान खाली घालूनच फिरावे लागते. अर्धवर्तुळाकार ओळींत ग्रॅनाइटचे सलग पट्टे, माणशी दोन फूट जागा, वरच्या दहा इंच रुंद पृष्ठभागावर नाव, कंपनी आणि रेजिमेंट. हुद्द्यानुसार वेगळी जागा नाही. प्रत्येक विभागाच्या दगडावर राज्याचे नाव आणि मृतदेहांचा आकडा. काही दगडांवर मात्र राज्यच नाही. त्यांतल्या एकावर: ‘अननोन, 425 बॉडीज’.

अमेरिकेच्या यादवी युद्धात संघराज्याचे, म्हणजे उत्तरेचे, सैन्य आणि फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांचे सैन्य इथे लढले. ती लढाई आणि दफनभूमीच्या लोकार्पणाचे लिंकन यांचे भाषण इथे पुन्हा सांगायला नको. प्रश्न लढाईनंतरचा आहे. जुलै 1863 च्या उकाड्यात मृतदेह जिथे पडले तिथेच उथळ पुरले गेले होते. खुणेला एखादी फळी, तिच्यावर बहुधा पेन्सिलीने लिहिलेले नाव, आणि ते पावसाने फिकट झालेले. हे मृतदेह उकरून नव्या 17 एकरांत पुरण्यासाठी निविदा मागवल्या. त्या प्रत्येकी 1.59 ते 8 डॉलरपर्यंत आल्या आणि सर्वांत कमी दर मंजूर झाला. उकरण्याचे काम प्रत्यक्षात केले ते एका कृष्णवर्णीय कंत्राटदाराने आणि त्याच्या मजुरांनी. समारंभांच्या वर्णनांत त्यांचा उल्लेख शोधावा लागतो. 27 ऑक्टोबर 1863 ला सुरू झालेले काम 18 मार्च 1864 ला संपले, मध्ये जमीन गोठली म्हणून ते थांबलेही होते. त्यामुळे 19 नोव्हेंबरच्या लोकार्पणाला निम्म्याहून अधिक कबरी भरायच्या राहिल्या होत्या.

इथे फक्त उत्तरेचे सैनिक पुरायचे, हा निर्णय आधीच झाला होता. मग ओळखायचे कसे? देखरेख करणाऱ्याच्या गैरहजेरीत कबर उघडायची नाही, असा नियम होता. तो लोखंडी आकड्याने खिसे चाचपून पत्र, डायरी, पाकीट शोधत असे. काहीच मिळाले नाही तर कपडे पाहायचे. दक्षिणेचे सैनिक उत्तरेच्या विजारी घालत, त्यामुळे विजारीवर विसंबता येत नसे. कोट, बूट आणि आतले कपडे पाहावे लागत. आतले सुती असतील तर माणूस बहुधा दक्षिणेचा, लोकरीचे असतील तर उत्तरेचा. एकही बंडखोर आत येऊ दिला नाही, असे त्याने अहवालात ठासून लिहिले.

ते खरे ठरले नाही. पुढे नोंदी ताडून पाहिल्यावर दक्षिणेचे काही जण आत असल्याचे दिसले. मिसिसिपीचे ‘मिस’ आणि मॅसॅच्युसेट्सचे ‘मास’ यांत फिकट फळीवर एका अक्षराचा फरक.

‘अननोन’ हा शब्दही एकसारखा नाही. नाव कळले नाही पण राज्य कळले, तर सैनिक त्या राज्याच्या विभागात, दगडावर ‘अननोन’. राज्यही कळले नाही, तर वेगळ्या विभागात, लहान संगमरवरी ठोकळ्यावर नुसता क्रमांक. 3,512 पैकी असे 979. म्हणून ‘अनोळखी इतके’ असा आकडा वाचताना कोणता अर्थ धरला आहे ते पाहावे. 979 मध्ये राज्यांच्या विभागांतले निनावी धरलेले नाहीत.

दक्षिणेचे मृतदेह शेतांतच राहिले, आणि त्यांच्यावरून नांगर फिरले. सरकारने त्यांची जबाबदारी घेतली नाही. अखेर 1871 ते 1873 मध्ये दक्षिणेतल्या महिला मंडळांनी स्वखर्चाने तीन हजारांहून अधिक जणांना हलवले, बहुतेक रिचमंडला. हे काम ज्याने केले तो शरीररचनेचा जाणकार होता आणि त्याच आधीच्या देखरेख करणाऱ्याचा मुलगा. त्याचे पूर्ण पैसे कधीच चुकते झाले नाहीत.

1872 मध्ये दफनभूमी संघराज्याच्या लष्करी खात्याकडे आणि 1933 मध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या यंत्रणेकडे गेली. नंतरच्या युद्धांतले सैनिकही इथे आले. 1996 मध्ये रेल्वेच्या जुन्या खोदकामाजवळ एक सांगाडा सापडला. तो कोणत्या बाजूचा, हे ठरवता आले नाही. 1 जुलै 1997 ला तो याच दफनभूमीत पुरला गेला. दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या एकेक हयात विधवा त्या वेळी हजर होत्या.