कोलंबियावर सॅल्मनचा हंगाम ठरतो कसा?

वसंतात कोलंबिया नदीवर सॅल्मनची मासेमारी सुरू झाली की अमेरिकेच्या वायव्येकडच्या वॉशिंग्टन आणि ओरेगन या दोन्ही राज्यांतले हौशी मासेमार नदीपेक्षा बॉनेव्हिल धरणाच्या आकड्यांकडेच जास्त डोळे लावून असतात. समुद्रातून परतणाऱ्या माशांना वर चढता यावं म्हणून या धरणाला पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवली आहे आणि त्या वाटेला पाण्याच्या पातळीखाली काचेची खिडकी आहे. खिडकीमागे बसलेला माणूस समोरून जाणारे मासे जातवार मोजतो. आकडे अंदाजाच्या वर गेले तर हंगामाला चार दिवस वाढवून मिळतात, नाहीतर चालू हंगामच आटोपता घेतला जातो. वेळापत्रक असं हलतं राहण्यामागे दीडशे वर्षांची भांडणं आहेत.

१८६६ मध्ये ईगल क्लिफ इथे नदीवरचा पहिला सॅल्मन डबाबंद करणारा कारखाना निघाला. १८८३ साली सॅल्मनच्या एकट्या चिनूक जातीची पकड सुमारे ४.३ कोटी पौंडांवर गेली. मासे इतक्या वेगाने उपसले जात असताना सरकारं अगदीच झोपली होती असं नाही. वॉशिंग्टनने १८७७ मध्ये आणि ओरेगनने पुढच्या वर्षी बंदीचे काळ ठरवले. पण नदी दोन राज्यांच्या हद्दीवर. एका काठाचा नियम दुसऱ्या काठाला लागू नाही, आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला माणसं नाहीत. दोन्ही राज्यांनी नियम मिळून करावेत या कराराला अमेरिकी काँग्रेसची मान्यता मिळायला १९१८ उजाडलं. हंगाम आजही त्याच करारान्वये जाहीर होतो.

त्या काळात मासे वाचवायच्या नावाखाली बरीचशी लढाई झाली ती कुणाचं साधन बंद करायचं यावर. नदीच्या अरुंद भागात माशांची चाकं असत. प्रवाहाच्या जोरावर रहाटासारखी फिरणारी, जाळीच्या खोक्यांनी मासे उचलून पन्हाळीतून टाकीत सोडणारी. रात्रंदिवस चालायची, मजूर जवळजवळ लागायचा नाही. जाळेवाल्यांना ती डोळ्यांत खुपणारच. १९२६ मध्ये ओरेगनच्या मतदारांनी आणि १९३४ मध्ये वॉशिंग्टनच्या मतदारांनी ती बंद पाडली. चाकं गेली, नदीत जाळी मात्र राहिली.

या साऱ्यात मूळचे मासेमार कुठे होते? याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या जमातींनी १८५५ च्या करारांत प्रचंड जमीन सोडली, पण नेहमीच्या ठिकाणी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. पुढे एका चाकमालकाने याकामांची वाट अडवली, तेव्हा १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की करारात हक्क जमातींनी सरकारला दिले होते, सरकारने जमातींना नव्हे. कागदावर एवढं भक्कम असूनही १० मार्च १९५७ रोजी डॅलेस धरणाची दारं लागली आणि सेलिलो धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. तिथे खडकांवर लाकडी माच बांधून, लांब दांड्याच्या जाळ्याने उसळते मासे टिपायची हजारो वर्षांची रीत होती. भरपाई मिळाली, सुमारे २.७ कोटी डॉलर. जागा परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

मला यातली गोम इथेच दिसते. बॉनेव्हिल १९३८ चं. नदीवरच्याच ग्रँड कूली धरणाला तर माशांसाठी वाटच ठेवली नाही, त्यामुळे वरचं सगळं खोरं सॅल्मनला कायमचं बंद झालं. तरीही मासे घटले की पहिला बडगा जाळं धरणाऱ्यावर. धरणाला बंदीचा काळ नसतो. आणि जाळेवाल्यांतही जमातींच्या वाट्याला उरलंसुरलं येई. १९६९ मध्ये न्यायाधीश बेलोनी यांनी त्यांना रास्त वाटा द्यायला सांगितलं. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी पश्चिम वॉशिंग्टनच्या खटल्यात हा वाटा निम्मा ठरवला आणि तेच सूत्र कोलंबियालाही लागू झालं. तिथून पुढे हंगाम ठरवणं म्हणजे आधी येणाऱ्या माशांचा अंदाज आणि मग वाटणी.

१९९१ च्या नोव्हेंबरात उपनदी स्नेकमधला सॉकआय सॅल्मन धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. आज या खोऱ्यातले सॅल्मन आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट) यांचे तेरा गट त्या यादीत आहेत. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर म्हणून ओळखीसाठी कापला जातो. गळाला मासा लागला की पहिली नजर तिथे. पर नसेल तर मासा ठेवायचा. असेल तर तो जंगली समजून सोडून द्यायचा, पाण्याबाहेर पूर्ण उचलायचाही नाही. सोडलेल्यांतले काही मरणार हे गृहीत धरून तेही हिशेबात धरतात, आणि जंगली माशांची मर्यादा भरली की हॅचरीचे मासे कितीही असोत, हंगाम संपतो.

जाळ्यांचा वाद मिटलेला नाही. २०१२ मध्ये त्यांच्या व्यापारी वापरावर बंदीचा प्रस्ताव ओरेगनच्या मतदारांनी फेटाळला; मग सरकारनेच जाळी मुख्य प्रवाहातून बाजूच्या खाड्यांकडे हलवायचं धोरण घेतलं. धरणांवर २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने जमाती आणि राज्यांशी समझोता केला होता. जून २०२५ मध्ये केंद्र त्यातून बाहेर पडलं. माशांच्या वाटणीचा सध्याचा करार २०२७ अखेरपर्यंत आहे.