डेस्कटॉपवरील आयकॉनमांडणीचे जतन

संगणकाच्या डेस्कटॉपवर कोणता आयकॉन कुठे आहे ती जागा टिकवणे, आणि मांडणी मोडलीच तर ती जशीच्या तशी परत आणणे, याला आयकॉनमांडणीचे जतन म्हणतात. मराठवाड्यात तालुक्याच्या गावातील सेवा केंद्रे, डीटीपीची दुकाने आणि शाळांची कार्यालये यांच्यासाठी ही बाब निव्वळ टापटिपीची नाही. तिथला ऑपरेटर नाव वाचत बसत नाही, जागा पाहून क्लिक करतो. डावीकडे सातबारा आणि दाखल्यांचे शॉर्टकट, मधे स्कॅनर आणि फोटो लहान करायचा प्रोग्राम, उजव्या कडेला आजच्या गिऱ्हाइकांच्या पीडीएफ. पीक विम्याच्या गर्दीत आयकॉन ‘इस्कटले’ की हात अडतो. एकाचे पासबुक दुसऱ्याच्या अर्जाला जोडले जाण्याची भीती असते ती वेगळीच.

विंडोजमध्ये डेस्कटॉप हे एक साधे फोल्डर आहे. किंबहुना दोन फोल्डरांचे मिळून एक चित्र आहे: एक त्या वापरकर्त्याचे आणि दुसरे सगळ्यांसाठी असलेले पब्लिक डेस्कटॉप. आयकॉनची जागा मात्र यांपैकी एकाही फोल्डरात लिहिलेली नसते. जागांच्या नोंदीची वही वेगळी असते, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवून ठेवते तिथे. एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, शेल, बॅग्ज, 1, डेस्कटॉप असे एकात एक उघडत गेले की ती सापडते. विंडोज 7 मध्ये तिथल्या नोंदीचे नाव ‘आयटमपॉस’ या शब्दाला 1366×768 असे रिझोल्युशन (पडद्यावरील आडव्या-उभ्या ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची संख्या) जोडून तयार होते. विंडोज 10 मध्ये ‘आयकॉनलेआउट्स’ नावाची नोंद असते. वही वेगळी असल्यामुळेच डेस्कटॉपवरच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या तरी मांडणी सोबत येत नाही. फाइलचे नाव बदलले तर तिची जुनी जागाही सुटू शकते.

ही वही लिहिण्याचे काम एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा विंडोजचाच प्रोग्राम करतो, आणि तो ती मुख्यतः बंद होताना, म्हणजे साइन आउट किंवा शटडाउनच्या वेळी लिहितो. दिवसभर हलवलेले आयकॉन तोवर बहुतांशी मेमरीतच असतात. डीपी जळाली, फीडर गेला आणि यूपीएसची बॅटरी दोन वर्षांची म्हातारी असली की संगणक धाडकन बंद पडतो, आणि पुढच्या वेळी कालचीच मांडणी समोर येते. ती मोडलेली नसते, लिहायचीच राहिलेली असते. स्लीपमध्ये टाकलेल्या संगणकाचेही तेच, कारण स्लीपमध्ये एक्सप्लोरर बंद होत नाही. मोठी फेरमांडणी केली की एकदा साइन आउट करून परत आत यावे. एवढ्याने निम्मी तक्रार मिटते.

उरलेली तक्रार रिझोल्युशनची. मध्यम आकाराच्या आयकॉनला आडवी सुमारे 75 पिक्सेल जागा लागते. म्हणजे 1366 रुंदीच्या पडद्यावर साधारण 18 स्तंभ बसतात आणि 1024 रुंदीवर 13. शाळेत जुना प्रोजेक्टर व्हीजीए केबलने जोडून ‘डुप्लिकेट’ निवडले की पडदा अनेकदा 1024×768 वर उतरतो. उजवीकडचे पाच स्तंभ पडद्याबाहेर जातात आणि विंडोज ते आत ओढून मिळेल त्या रिकाम्या घरात बसवते. प्रोजेक्टर काढल्यावर पडदा रुंद होतो, पण आयकॉन आपापल्या घरी परततीलच असे नाही. प्रोजेक्टर जोडताना ‘एक्स्टेंड’ निवडले तर मुख्य पडद्याचे रिझोल्युशन सहसा तसेच राहते. सेफ मोड, ग्राफिक ड्रायव्हर नव्याने टाकणे, स्केल (पडद्यावरच्या अक्षरांचा-आयकॉनचा आकार) 100 टक्क्यांवरून 125 करणे, यांचाही परिणाम असाच. डिस्प्लेपोर्टने जोडलेला मॉनिटर नुसता बटणाने बंद केला तरी काही संगणक तो काढून घेतला असेच समजतात. विंडोज 11 मध्ये मॉनिटर परत जोडल्यावर जागा लक्षात ठेवण्याची एक सोय आहे, पण ती उघड्या खिडक्यांसाठी आहे, आयकॉनसाठी नव्हे.

काही वेळा दोष हाताचा असतो. रिकाम्या जागी उजवे क्लिक केल्यावर ‘व्ह्यू’मध्ये ‘ऑटो अरेंज आयकॉन्स’ला खूण असेल तर कोणताही आयकॉन मनाजोग्या जागी ठरत नाही. ती खूण काढावी, ‘अलाइन टू ग्रिड’ची राहू द्यावी. ‘सॉर्ट बाय’वर चुकून क्लिक झाले तर कंट्रोल-झेड उपयोगी पडत नाही, ते फाइली परत आणते, मांडणी नाही. कंट्रोल दाबलेले असताना माउसचे चाक फिरले की आयकॉन लहानमोठे होतात आणि मांडणीची वीण बदलते. चाक उलटे फिरवावे, किंवा व्ह्यूमधून मध्यम आकार निवडावा. रजिस्ट्री ‘स्वच्छ’ करणारी सॉफ्टवेअर खिडक्यांच्या जागांची नोंद कचरा समजून पुसू शकतात, त्यात ही वहीही जाऊ शकते. अशी सॉफ्टवेअर दुकानातल्या संगणकावर नसलेलीच बरी.

हाताने जतन करायचे तर आधी मांडणी लावून साइन आउट करावे, परत आत येऊन रजिस्ट्री एडिटरमध्ये वरील ‘डेस्कटॉप’ या कीवर (रजिस्ट्रीतल्या फोल्डरासारख्या कप्प्यावर) उजवे क्लिक करून ‘एक्सपोर्ट’ करावे आणि ती फाइल डी ड्राइव्हवर ठेवावी. परत आणताना क्रम महत्त्वाचा. एक्सप्लोरर चालू असताना फाइल इंपोर्ट केली तर तो बंद होताना स्वतःजवळची मांडणी तिच्यावर लिहितो आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये एक्सप्लोररला ‘एंड टास्क’ द्यावा. पडदा रिकामा होईल, घाबरू नये. मग त्याच टास्क मॅनेजरच्या ‘रन न्यू टास्क’मधून रजिस्ट्री एडिटर उघडून फाइल इंपोर्ट करावी आणि शेवटी तिथूनच एक्सप्लोरर सुरू करावा. रिझोल्युशन एक्सपोर्टच्या वेळचेच असावे.

रोजच्या वापराला मात्र एखादे छोटे साधन सोयीचे. डेस्कटॉप-ओके हे मोफत साधन इन्स्टॉल न करता चालते, अनेक मांडण्या नावानिशी ठेवते आणि ठरावीक वेळाने आपोआप नोंदही करते. ‘शाळा’ आणि ‘प्रोजेक्टर’ अशा दोन मांडण्या ठेवल्या की केबल काढल्यावर एका क्लिकचे काम. फेन्सेस हे विकतचे साधन आयकॉनचे चौकोनी वाफे पाडते आणि त्यांची प्रतही ठेवते.

एकाच संगणकावर दोघे-तिघे आळीपाळीने बसत असतील तर प्रत्येकाचे वेगळे विंडोज खाते काढावे, कारण ही वही खात्यागणिक वेगळी असते. मॅकमध्ये मांडणी डेस्कटॉप फोल्डरातल्याच ‘डॉट डीएस स्टोअर’ या लपलेल्या फाइलीत असते. ‘स्टॅक्स’ चालू केले तर तिथेही आयकॉन मनाजोगते ठेवता येत नाहीत. लिनक्समधील एक्सएफसीई हे डेस्कटॉप ती घरच्या फोल्डरातील साध्या मजकूर-फाइलीत लिहिते, तेव्हा तिची प्रत काढून ठेवणे सगळ्यांत सोपे.