खंडणी नक्की कोण कोणाला देत होतं?

‘भटके तुर्क घोडे घेऊन चीनच्या सम्राटाला खंडणी भरायला यायचे’ हे आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. दरबारी नोंदींत तसंच लिहिलंय खरं, पण हिशेब बघितला की चित्र उलटं होतं.

चीनच्या तांग राजघराण्याचंच घ्या. आन लुशान या सेनापतीच्या बंडात राजधानी चांगआन हातची गेली. ७५७ साली ती परत मिळाली त्यात उइघुर या भटक्या तुर्कांच्या घोडेस्वारांचा मोठा वाटा. मोबदला वर्षाला २०,००० ठाण रेशीम. पुढे एकेका घोड्यामागे ४० ठाण, वर घोडे मरतुकडे निघतात ही दरबाराची कुरकुर. तरी ‘खंडणी’ म्हणायची ती घोड्यांनाच!

७५८ मध्ये सम्राट सुझोंगने पोटची मुलगी, निंगगुओ, उइघुरांच्या खानाला, म्हणजे राजाला, दिली. एरवी नात्यातली एखादी मुलगी राजकन्या म्हणून खपवत. वर्षभरात खान वारला. त्याच्यासोबत पुरून घ्यायला तिने साफ नकार दिला; मात्र तिथल्या रिवाजाप्रमाणे स्वतःचा चेहरा चिरून शोक केला आणि माहेरी परतली.

७६२ मध्ये तर नव्या खानाने चिनी राजपुत्राला आपल्यापुढे नाचायला सांगितलं. राजपुत्राच्या माणसांनी हरकत घेतली. त्यांना शंभर-शंभर फटके बसले, दोघे दगावले. तो राजपुत्र पुढे सम्राट देझोंग झाला, आणि ही गोष्ट तो विसरला नाही.