रोटीच्या एका घासामागे हजार माणसं

तेराव्या शतकातला इराणी विद्वान आणि खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तुसी म्हटलं की इराणातल्या मराघा शहरातली त्याची वेधशाळा आठवते. पण त्याच्याही वीसेक वर्षं आधी, १२३५ च्या सुमारास, पूर्व इराणातल्या कुहिस्तानात इस्माइली (शिया मुसलमानांमधला एक पंथ) सुभेदाराच्या आश्रयाला असताना त्याने 'अखलाक-ए-नासिरी' हे नीतिशास्त्रावरचं फारसी पुस्तक लिहिलं, आणि माणसं एकमेकांना धरून का राहतात याचं त्यात दिलेलं उत्तर मला आजही जबरदस्त वाटतं.

तो सुरुवात करतो पोटापासून. समजा प्रत्येकाला आपलं सगळं आपणच करायचंय, म्हणजे आधी सुतार-लोहाराची हत्यारं मिळवा, मग पेरा, कापा, दळा, मळा, वर कपड्यासाठी सूत काता आणि विणा, तर हे सगळं होईपर्यंत माणूस जिवंतच राहणार नाही. एक घास तोंडात जायला हजार माणसं राबावी लागतात, असं जुन्या जाणत्यांचं म्हणणं तो सांगतो. श्रमविभागणीतून समाज बांधला जातो हे फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूर्केमने मांडलं ते १८९३ मध्ये!

अर्थात तुसीचा समाज समान नाही. सगळेच श्रीमंत झाले तर कोणी कोणाचं काम करणार नाही म्हणून गरीब-श्रीमंत असा फरक हवाच, असं तो म्हणतो, आणि हे मला अजिबात पटत नाही.

पण पुढे तो प्रेमाकडे वळतो, आणि तिथे खरी मजा आहे. न्यायाची गरज पडते ती प्रेम कमी पडल्यामुळे, लोकांत मुळात जिव्हाळा असता तर हिशोब करत बसावंच लागलं नसतं. हा भाग बराचसा इराणच्या रय शहरातल्या, तुसीच्या आधी होऊन गेलेल्या मिस्कवैह या तत्त्वज्ञाच्या अरबी ग्रंथावर उभा आहे. त्यात नमाजाकडे बघायची नजर तर भारीच आहे: रोज गल्लीतले लोक भेटतात, शुक्रवारी अख्खं शहर, ईदला आसपासची गावं आणि हजला दूरदूरच्या देशांतले, म्हणजे ओळखीतून आपुलकी वाढावी म्हणून केलेली सोयच.

१२५८ मध्ये, म्हणजे मंगोलांनी बगदाद बुडवलं त्याच वर्षी, इराणातल्या शिराझच्या सादी या कवीने 'गुलिस्तान' हे गोष्टी-कवितांचं पुस्तक पूर्ण केलं, आणि माणसं एकमेकांशी बांधलेली आहेत हा विचार त्यातही आहे. त्यातली 'बनी आदम' कविता, सगळी माणसं एकाच शरीराचे अवयव, ती सगळीकडे कोट होते, पण ज्या गोष्टीत ती येते ती फार कमी लोक सांगतात. दमास्कसच्या मशिदीत एक जुलमी राजा सादीला म्हणतो, बलाढ्य शत्रू मागे लागलाय, माझ्यासाठी दुआ कर, आणि सादी त्याला सांगतो की आधी दुबळ्या रयतेवर दया कर.

तुसीचं पुस्तक पुढे हिंदुस्थानातही आलं, अकबराला ते वाचून दाखवलं जायचं.