पाऊस मोजणं वेगळं, वाफसा ओळखणं वेगळं: ज्ञान आणि शहाणपण

‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका’, असं कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो. हे झालं ज्ञान. ते पाठ करता येतं, व्हॉट्सॲपवर पुढं ढकलता येतं. शहाणपण तोच आकडा आपल्या वावरात नेऊन पारखतं.

एकतर आकडा महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या मिळून असलेल्या, पर्जन्यमापकाचा असतो. पाच किलोमीटरवरचं शिवार कोरडं राहिलेलं असू शकतं. त्यात ७५ मिलिमीटर एका दणक्यात कोसळला तर बरंचसं पाणी ओढ्याला जातं, चार-पाच दिवस रिपरिपला तर मुरतं. भारी काळ्या रानात ओल टिकते, मुरमाड माळाला आठवड्याची उघडीपही सोसत नाही. म्हणून खुरप्यानं वीतभर उकरून ओल कुठवर गेली ते बघायचं आणि तिथली माती मुठीत दाबायची. गोळाच होत नसेल तर ओल कमी. झाला तर कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पडून फुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला. चपटा होऊन बसला तर रान अजून ओलं आहे. अशा चिखलात तिफण घातली की माती फणाला चिकटते, बी कुठं वर तर कुठं खोल पडतं. सोयाबीनला तीन ते पाच सेंटिमीटर पुरे. त्याहून खोल गेलं आणि वर उन्हानं पापडी धरली, की कोंब आतच मान टाकतो.

बियाण्याचंही तेच. एकरी ३० किलो हे माप ७० टक्के उगवण धरून सांगितलेलं असतं. घरच्या बियाण्याचे १०० दाणे न निवडता मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी, सावलीत ओलसर ठेवावी. आठवड्यानं उलगडून निरोगी कोंब मोजावेत. ६० भरले तर एकरी ३५ किलो लागेल. सोयाबीनची साल पातळ, पोतं आपटलं तरी उगवण घटते. त्यामुळे मार्चमध्ये काढलेला आकडा जूनमध्ये धरून चालू नये.

अनुभव म्हणजेच शहाणपण, असंही समजू नये. ‘मृग निघाला की पेरायचं’ हे अनुभवाचेच बोल. पण आभाळ न बघता पाळले, तर तेही एक पाठांतरच, आणि दुबार पेरणीचा खर्च पदरात पडतो.

उलट टोकालाही माणसं असतात: अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आणखी एक सर येऊ दे म्हणत थांबावं, तर ऊन पडून वाफसा उडतो. जुलैचा मध्य उलटल्यावर सोयाबीनच्या उताऱ्याचा भरवसा राहत नाही. तेव्हा बी घरात पडून आहे म्हणून पेरू नये. तूर, बाजरी किंवा सूर्यफुलाकडे वळावं.